ऑर्डरीवर नारल

माझं माहेर उरनच्या बाजूला, खाडीकाठच्या कोलीवाड्यात. बापाची लहानशी होडी व्हती, आई डोक्यावर पाटी घेऊन दारोदार मासली विकायची. बापानं आईला कधी टोचून बोललेलं मना आठवत न्हाय, म्हनून मना वाटायचं सगल्या घरांत असंच असतंय. मंग लग्न झालं आन हिकडं मांडव्याच्या बाजूला आयले. काय सांगू बाय तुला, नवरा देखना, कामाला वाघ, बोटीवर तांडेल, समुद्रावर सगले त्याचं ऐकायचे, आन घरात पाय टाकला का तोच मानूस वेगला.

दारू पिऊन मारत असंल, असं लोक लगेच बोलतात. तसं न्हाय, दारू न पिता बी मारायचा, हे नीट लिहून घे. भात गार का, माहेरी फोन का केलास, जेट्टीवर सुकी मासली विकायला बसतेस तर मुंबईच्या पावन्यांशी हसून का बोलतेस. आता गिऱ्हाइकाशी काय रडून बोलू?

आन आमच्यात रीत अशी, का नवऱ्यानं लईच केलं तर गावकी बसते, त्याला देवलात नेतात, गावदेवीपुढं नारल ठेवायला लावतात, पुन्हा हात उचलनार न्हाय असं बोलून घेतात, आन झालं, मिटलं. नारल ठेवल्यावर बाईनं जुनं उकरायचं न्हाय, उकरलं तर देवीचा अपमान. मंग तो नारल फोडून सगल्यांना खोबरं वाटायचे, मना बी द्यायचे. देवीला तरी काय दोष देऊ, पन माझ्या नवऱ्याइतके नारल तिला दुसऱ्या कुनी दिले नसतील. खोबरं संपायच्या आत त्याचा हात पुन्हा उठायचा.

तुला आमची यमुना भेटली ना आत्ता, जिनं च्या दिला, ती माझी ननंद, त्याची सख्खी मोठी बहीन. बिचारीचा नवरा लवकर गेला, तवापासून ती माहेरीच, तिचं घर आन माझं घर भिंतीला भिंत, आंगन एक. तर एकदा त्यानं माझा हात पिरगलला तो मोडलाच. यमुना आली, गावकीची वाट बघितली न्हाय, माझ्या पोरीला कडेवर घेतलं आन मना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथून ती संरक्षन अधिकारी बाईकडं घेऊन गेली. ती बाई लई भली, तिचं कल्यान होवो, तिनं सगलं कागदावर घेतलं, कोर्टात उभं केलं, आन कोर्टानं ऑर्डर दिली, का यानं हिच्या घरी यायचं न्हाय, कामाच्या जागी यायचं न्हाय, फोन बी करायचा न्हाय. बाई मना बोलल्या, ध्यानात ठेव, हात लावला न्हाय तरी नुसता समोर आला का गुन्हा, त्याला जेल व्हऊ शकते. मी मान हलवली, पन मनात बोलले, नारलाचा शब्द मोडला त्यानं, कागदाला काय विचारतोय.

तसंच झालं. सकालची वेल, मी आन यमुना वलांडीवर बोंबील टांगत व्हतो, वलांडी म्हंजे मासली सुकवायचा बांबूचा उभा मांडव असतो ना, किनाऱ्याला, तिच्यावर. तर हा आयला. धुतलेला शर्ट, केस विंचरलेले, हातात नारल. हसत बोलला, झालं गेलं खाडीला मिलालं, चल घरी, नारल आनलाय, तुझ्या त्या ऑर्डरीवर ठेवतो.

माझ्या हातातले बोंबील वालूत पडले. भोवतालची मानसं बोलायला लागली, आला तर आला, मारलं थोडी, नारल घेऊन आलाय बिचारा. मना बी क्षनभर वाटलं, जाऊ दे. यमुनानं माझ्या कमरेचा मोबाईल काढून माझ्याच हातात दिला आन बोलली, तू लाव पोलिसांना, मी हाय.

पोलीस आले तरी तो पलाला न्हाय, कशाला पलंल, त्याला वाटलं नारल हाय ना हातात. ठान्यात जाऊन त्यानं तो नारल टेबलावर ठेवला आन हात जोडले. म्हिला हवालदार व्हती, ती बोलली, दादा, हा उचला, हितं देवी न्हाय, तुमी कोर्टाची ऑर्डर मोडलीय. त्याचं तोंड असं झालं, काय सांगू, मना त्या भीतीत बी हसू आलं.

पन खरी परीक्षा कोर्टात व्हती. त्याचा वकील बोलला, तो बायकोकडं आलाच न्हाय, बहिनीला भेटायला आला, दोघींचं आंगन एक, वलांडी एक, तर त्यानं काय करायचं. आता बघ, हे मानलं असतं तर तो रोज बहिनीला भेटायला आला असता, आन माझी ऑर्डर नुसती भिंतीला लावायला. सगलं यमुनाच्या साक्षीवर आलं. गाव तिच्या मागं लागला, पाठचा भाऊ हाय तुझा, तू कडेवर खेलवलास, त्याला जेलात घालशील? मी तिला एक शब्द बोलले न्हाय. कुठल्या तोंडानं बोलू.

ती साक्षीला उभी राहिली, पदर सावरला आन बोलली, सायब, भाऊ माझाच हाय, पन तो माझ्याकडं आयला न्हवता. माझ्याकडं यायला त्याला नारल कशाला लागंल?

नवऱ्याला शिक्षा झाली, आत गेला. तिथंच यमुना भिंतीला टेकून ढसाढसा रडली.

आता सुटलाय तो, दुसऱ्या बंदरावर बोटीवर असतो, हिकडं फिरकत न्हाय. बदलला म्हनून न्हाय, कलून चुकलं म्हनून. माझं तर मत हाय, ऑर्डर दुसऱ्यांदा मोडली तर शिक्षा अजून कडक पाहिजे, स्वस्त मनाई कोन मानतंय? पन मना जेवढं मिलालं तेवढ्यावर माझी पोर शालेत जाते, मी जेट्टीवर मोकली हसते, सगल्यांचे उपकार हायत.

ह्या राखीला यमुनानं नेहमीसारखी राखी आनली, आन भावाचा निरोप आला, येऊ नको. पायरीवर बसून राहिली राखी हातात घेऊन. मी शेजारी बसले, तिच्या हातातली राखी घेतली आन तिच्याच मनगटाला बांधायला लागले. ती बोलली, अगं येडी, उलटं करतेस. मी बोलले, राखलं कोनी मना? मंग तिनं हात पुढं केला. देवानं तिला माझ्या आधी नेऊ नये, बाय, एवढंच मांगनं हाय माझं.