वरमाईची पायघडी

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय अण्णाराव सावकार, व्यासपीठावर विराजमान झालेले मान्यवर पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे दुकानं लवकर बंद करून इथं जमलो ते आपले कल्याणप्पा, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौभाग्यवती नागम्मा, आणि मुरुम व पंचक्रोशीतून आलेल्या बंधुभगिनींनो,

सावकारांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मास्तरला दोन शब्द बोलायला सांगणं म्हणजे बैलाला दोनच काड्या खा म्हणण्यासारखं आहे, हे सावकारांना ठाऊक असूनही त्यांनी हा धोका पत्करला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आरंभी एक कोडं घालतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी कल्याणप्पांनी काढलेला लग्नाचा फोटो भिंतीवर आहे. रोज दिवा लावताना आपण तो पाहतो. त्यात नवरीचा पदर भुवयांच्या खाली आलेला असतो. ऊन वरून पडलेलं असतं. आता विचार करा. भर उन्हात घोंगडीची खोळ घेऊन चाललेल्या माणसाचं तोंड आपल्याला दिसतं का? तिथं नुसता काळोख दिसतो. मग या नवऱ्या मुलींची तोंडं एवढी स्वच्छ कशी दिसतात? त्यांच्या पदराच्या आत दिवा कुणी लावला?

दुसरी गोष्ट. त्या फोटोत वरमाय नेहमी सुनेला अगदी खेटून बसलेली असते आणि तिच्या पायांपुढं पांढरीशुभ्र पायघडी अंथरलेली असते. वरमाईचा मान आहे, असं आपण म्हणतो आणि पुढं जातो. पण मुंडावळ्या उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी, अंगणात बसल्या जागी कसली पायघडी? पायघडी तर चालत येणाऱ्या वरमाईसाठी घालायची असते ना?

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून आज सांगण्याचा अधिकार घेतो.

महायुद्ध चालू होतं. मी इथल्या सरकारी मदरशात, म्हणजे तेव्हाच्या शाळेत, उर्दूतून भूगोल शिकवीत असे आणि ज्ञानोबांच्या शेजारी राहत असे. ज्ञानोबा शेतकरी माणूस, घर भरलेलं. पण त्यांची पत्नी मथुराबाई विहिरीच्या पायरीवरून पडून कमरेतून गेलेली, बाजेला खिळलेली. धाकटी मुलगी तारामती हिचं लग्न वाशीच्या महारुद्र पाटलांच्या घरी ठरलं. लग्न मुलाच्या गावी. मुरुमहून वाशी म्हणजे त्या काळी कोळशावर चालणारी मोटार आणि पुढं बैलगाडी. मथुराबाईंना नेणं शक्यच नव्हतं.

एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. उशाखालून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. थोरल्या लेकीच्या, तुळजाबाईच्या लग्नाचा. एका बड्या शहरातल्या बड्या फोटोवाल्यानं काढलेला. मागं पडद्यावर रंगवलेला जिना, दोन मोर. नवऱ्याच्या फेट्याची घडी न् घडी मोजावी अशी. आणि नवरीच्या पदराखाली? काळा डाग. तुळजाबाई पहिल्या बाळंतपणात गेली, हे इथल्या पुष्कळांना आठवत असेल. आईजवळ तिचं एवढंच राहिलं होतं.

"गुरुजी," मथुराबाई म्हणाल्या, "मोर दिसत्यात. माझ्या लेकीचं तोंड कुठं गेलं?"

मी फोटो त्यांच्या हातात परत दिला. त्या पुढं म्हणाल्या,

"तारीचं लगीन म्या काय बघणार न्हाय. पण तिचं तोंड तरी मला आणून द्या. असलं भोक नगं."

ज्ञानोबांच्या मनात पुन्हा तोच बडा फोटोवाला होता. त्याचा माणूस येऊन सांगून गेला होता की, तोंड काळं आलं तर आमचा कलाकार वरून ब्रशनं काढून देईल, चिंता नको. ज्ञानोबांना ही सोय फार आवडली. मथुराबाई बाजेवरूनच कडाडल्या, "म्या लेक मागतीय, चित्तर न्हाय! ब्रशनंच काढायचं तर लेकीला कशाला बसवता? घरी बसून काढ म्हणावं."

मग मी कल्याणप्पांना घेऊन गेलो. तेव्हा ते नुकतेच बाजारपेठेत फोटोचं दुकान घेऊन बसू लागले होते. त्यांनी तुळजाबाईचा फोटो दारात नेऊन उन्हात तिरपा धरला, पुष्कळ वेळ पाहिला.

"अक्का, तोंड कुठं गेलं न्हाय. तितवर उजेडच पोचला न्हाय."

"मग तुमी पोचवाल का?"

"पोचवतोच असं म्हणत न्हाय. फोटू उमटायची काच एकच हाय माझ्याकडं. लढाईमुळं सोलापुरात बी मिळंना. पण लई जपून काढतो."

मथुराबाई नवऱ्याकडं वळल्या. "ह्यांनाच न्या. त्यो दुसरा लई व्हय व्हय म्हणतो."

अशी ही निवड झाली. श्रोतेहो, फोटोवाला कसा निवडावा असं मला आजही कुणी विचारलं, तर मी मथुराबाईंची रीत सांगतो. पडदा पाहू नका, मोर पाहू नका. त्याच्या जुन्या फोटोंत फक्त नवरीचं तोंड शोधा.

मी आणि कल्याणप्पा वऱ्हाडाबरोबर वाशीला गेलो. लग्न गोरज मुहूर्तावर लागलं. त्या उजेडात काचेवर काही उमटणं शक्य नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बैठक मांडली. कल्याणप्पांनी कॅमेऱ्याची तिपाई उभी केली, काळ्या फडक्यात डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. पदराखाली काळोख.

ते महारुद्र पाटलांना नम्रपणे म्हणाले, "पाटील, सूनबाईंचा पदर दोन बोटं वर घेतला तर?"

"आमच्या घरात सून परक्या माणसाफुडं पदर सारत न्हाय. फोटू न्हाय आला तरी चालंल."

झालं. आता मुरुमला परत जाऊन बाजेपुढं मलाच उभं राहायचं होतं. मी पाटलांना समजवायला पुढं सरकलो, तशी कल्याणप्पांनी माझी बाही ओढली.

"पदर ऱ्हाऊ द्या पाटील, तुमचं बरोबर हाय. मला एक धुतलेलं धोतर द्या."

"कशाला?"

"सूनबाईंच्या पायाफुडं आंथरायला."

 अंगणात एक म्हातारा खो खो हसत सुटला. पाटील लाल झाले. "माझं धोतर? सुनंच्या पायाखाली?"

कुणीतरी सावरायला म्हणालं, "पायघडी म्हणायचं आसंल त्यांना." त्यावर वरमाय सिताबाई ओसरीवरून गरजल्या, "पायघडी वरमाईला घालत्यात! सुनंला कुठं घालत्यात? मुरुमला उलटी रीत हाय का?"

आणि इथं कल्याणप्पांना जे सुचलं, ते मला माझ्या सगळ्या भूगोलासकट सुचलं नसतं. त्यांनी हात जोडले.

"आई, चुकलो. तुमीच बसा की सुनंच्या शेजारी. पायघडी तुमालाच घालतो. तुमच्याबिगर फोटूला काय शोभा?"

सिताबाई क्षणभर घुटमळल्या. मग आत गेल्या आणि नवं लुगडं नेसून आल्या. परटाची पांढरी पायघडी निघाली. ती सिताबाईंच्या पायांपासून अंथरत अंथरत कल्याणप्पांनी हळूच सुनेच्या पुढ्यात आणली आणि चांगली ऐसपैस पसरली.

आता इथं मला खडू हवा होता! चुना दिलेल्या भिंतीवर ऊन पडलं की समोरची अंधारी खोली उजळते, हे आपण रोज पाहतो. तेच इथं झालं. ऊन पांढऱ्या कापडावर पडलं, तिथून उलटं वर उसळलं आणि पदराच्या खालून आत शिरलं. वरून बंद असलेलं दार खालून उघडलं. पदर जागेवर, पाटलांची रीत जागेवर, वरमाईचा मान तर दुप्पट. आणि आत तारामतीचं तोंड.

पण मुलीची नजर जमिनीवर. कल्याणप्पा फडक्यातूनच म्हणाले, "तारामती, आईनं तोंड मागवलंय बरं का."

तिचा पदर हलला नाही. डोळे तेवढे वर आले. सिताबाईंनी ते पाहिलं.  रागावण्याऐवजी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. तो हातही काचेवर आला आहे.

फोटो तयार झाल्यावर आम्ही दोघं मथुराबाईंकडं गेलो. त्यांनी तो हातात घेतला. डोळ्यांशी नेला, दूर धरला, पुन्हा जवळ आणला. ज्ञानोबा अस्वस्थ होऊन म्हणाले, "काय गं, दिसत न्हाय का?"

"हनुवटीवरची खूण दिसती," मथुराबाई म्हणाल्या. "लहानपणी जात्यावर पडली हुती. तुमाला कुठं ठाऊक, तुमी रानात हुता." आणि मग हसत, डोळे पुसत म्हणाल्या, "रडलीय मेली रातभर. पर जेवलीय. गाल वर हायत."

खालून आलेल्या उजेडानं हनुवटीची खूण दाखवली होती. वरच्या उन्हात ती कधीच दिसली नसती.

मग त्यांनी उशाखालचा तुळजाबाईचा फोटो काढून कल्याणप्पांपुढं धरला.  कल्याणप्पा तो पुन्हा दारात घेऊन गेले. परत येऊन त्यांनी तो मथुराबाईंच्या हातात ठेवला.

"न्हाय अक्का. ह्यातनं आता मला काय काढता येत न्हाय."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "तरी इचारलं."

त्यांनी दोन्ही फोटो एकावर एक ठेवले, तारामतीचा वर, आणि उशाखाली सारले. पुढच्या वर्षी मथुराबाई गेल्या. त्यानंतर कल्याणप्पांनी आपल्या भागात जेवढ्या नवऱ्या मुली बसवल्या, त्या प्रत्येकीच्या शेजारी वरमाय बसवली आणि पायघडी अंथरली. मधल्या काळात राज्य बदललं, काचा पुन्हा मिळू लागल्या, पदरही वर सरकले. त्यांनी पायघडी सोडली नाही.

कल्याणप्पा, तुम्ही आता मुलाकडं गुलबर्ग्याला निघालात. बाजारपेठेतलं तुमचं दार उद्यापासून बंद दिसेल, ते पाहायची आम्हाला सवय करावी लागेल. नागम्मा अक्का, यांची काळजी घ्या. अध्यक्षमहाराजांनी माझ्या वेळेकडं कानाडोळा केला, आपण साऱ्यांनी बाकावर शिस्तीनं बसून ऐकलंत, मी सर्वांचे आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाच्या घरच्या रीतीला, कुणाच्या मानाला बोट लागलं असेल, तर ते मास्तरचं अज्ञान समजून पोटात घाला.

मास्तरच्या सवयीनं घरचा अभ्यास मात्र देऊन ठेवतो. उद्या ऊन चढल्यावर आपल्या आईला, आजीला, सुनेला, जी कुणी घरी असेल तिला, डोक्यावर पदर घेऊन अंगणात बसवा. तिचं तोंड नीट पाहून घ्या. मग तिच्या मांडीवर एक धुतलेला पंचा पसरा आणि पुन्हा पाहा. पंचा काढा, घाला, असं दोन-चार वेळा करा. ती विचारेल, हे काय चाललंय म्हणून. सांगा तिला, मास्तरांनी सांगितलंय, जरा इकडं बघ.