मावशीनं रजनीला पाठवलेला निरोप

अबे, चहा ठेव खाली अन् आधी ऐक. काल परळीला मावशीकडं गेलतो.

तुला तर म्हाईत हाय, ॲपवर मी 'रजनी' नावानं चावट प्रेमकथा लिहितो. घरात कुणालाच पत्ता न्हाई. मावशी म्हणली, "सच्या, मोबाईलची अक्षरं मोठी करून दे रे." बघतो तर समोर माझीच गोष्ट! ती विधवा अन् मास्तरची.

मी कसंबसं म्हणलं, "मावशी, असलं वाचतीस तू?"

ती लाजली बी न्हाई बे. "तुझे काका गेल्यापासून हळदी-कुंकवाला कुणी बोलवत न्हाई. हाताला धरून कुणी बसवत न्हाई. ह्या रजनीच्या गोष्टीत विधवेला कुणीतरी जवळ घेतं. बाईच असणार ही, गड्याला हे कळतंय व्हय? लिही तिला माझ्याकडून, शेवटी त्या पोरीला एकटी टाकू नको म्हणावं."

मी तिच्याच मोबाईलवरून लिहून पाठवलं, अन् लगेच माझ्या खिशात ॲपचा घुंगराचा आवाज आला. तिच्या मोबाईललाबी तोच येतो.

मावशीनं खिशाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. "तिला म्हणावं, घाईत लिहू नको."

शेवटचा भाग तर लिहून तयार हाय बे. त्यात मास्तर बदली घेऊन निघून जातो अन् ती दारात एकटीच उभी राहती. लोकांना रडवणारा शेवट हाय, माझा सगळ्यात भारी. उद्या टाकायचाय.

माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?