गोदीतला ‘ने’

एका संध्याकाळी बाबा पुन्हा ‘ने’ या शब्दाची गंमत सांगायला बसले, तेव्हा ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली होती, “बाबा, शंभरदा सांगून झालंय.” दुसऱ्या दिवशी ते गेले. आठवड्याने ती मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होती आणि मागे दोन गोदी कामगार बोलत होते.

“जुने मुकादम गेले, कळलं का?”

“मी लागलो तेव्हा ते रिटायर झालेले. एवढं काय होतं हो त्यांच्यात?”

“अरे, आपण ‘ने’ म्हटलं की घेऊन जा. ग्रीक खलाशी ‘ने’ म्हणाला की हो. बल्गेरियन म्हणाला की नाही. आणि जपानी वाक्याच्या शेवटी ‘ने’ लावून आपल्यालाच विचारणार, खरं ना!”

“मग क्रेनवाल्याने काय करायचं?”

“डोकं खाजवायचं! एकदा जहाजावरचा बल्गेरियन ‘ने, ने’ ओरडला, नको म्हणून. आपल्या क्रेनवाल्याने पेटी उचलली. ती निसटली. खाली माणूस होता, मुकादमांनी ओढला म्हणून वाचला. तेव्हापासून त्यांचा नियम, कुणाच्या शब्दावर हुक हलवायचा नाही. खालच्याने दोन्ही हात वर केले की मगच.”

“तो नियम त्यांचा होय? आम्ही अजून तसंच करतो.”

“तर! त्यानंतर हुकाखाली एकही माणूस दगावला नाही. वर साहेबाने नियम स्वतःच्या नावावर खपवला.”

“ते काही बोलले नाहीत?”

“हसले नुसते. म्हणाले, माणसं घरी जातायत ना, झालं तर.”

“तुम्हाला बरं एवढं ठाऊक!”

“खालचा माणूस मीच होतो.”

ती मागे वळली.

“काका, मुकादम माझे बाबा. मला त्यांचा फार अभिमान आहे. त्यांना कधी म्हटलं नाही.”