सुतळीच्या स्वभावाचा दाखला

डॉक्टर : म्हणजे तुम्हाला माझ्याकडून कुत्रीच्या चारित्र्याचा दाखला हवाय.

सासरे : स्वभावाचा. चारित्र्याबद्दल कुणाची तक्रार नाही.

सून : ज्या संस्थेकडून ही दोघं आणली ना डॉक्टर, तीच हिला परत घेतेय. शर्यतीतून बाद झालेले ग्रेहाउंड ते लोक सांभाळतात. फक्त डॉक्टरांचं पत्र लागतं, चावरी आहे की नाही त्याचं. रविवारी गाडी येणार आहे.

डॉक्टर : आणि काका, तुमच्या हातावरची ही पट्टी?

सासरे : माझा हात तिच्या तोंडात गेला.

सून : आपण होऊन गेला. आणि तीन टाके पडेपर्यंत तिथेच थांबला.

सासरे : डॉक्टर, आमच्या सूनबाई टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायची नोकरी करतात. घरी आल्यावर उरलेल्या स्वतः करतात.

डॉक्टर : एकेकानं बोला. नाव काय हिचं?

सून : सुतळी. आणि तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभाय, तो सुंभ.

डॉक्टर : तो असा का उभाय?

सासरे : त्याला वाटतं, आपल्याला कुणी दिसत नाही म्हणजे आपणही कुणाला दिसत नाही. त्याचं सोडा. त्याच्या पंजाला कुरूप झालं होतं. फरशीवर लंगडायचा आणि गवतावर सरळ चालायचा. आमचे चिरंजीव म्हणाले, नाटकं करतो. मी रोज कोमट पाण्यात पाय बुडवून ते हळूहळू खरवडून काढलं. चार महिन्यांत पाय साफ.

सून : त्या चार महिन्यांत घरात दुसऱ्या कुणाला आजारी पडायची परवानगी नव्हती.

डॉक्टर : आणि सुतळीचं काय?

सून : काय नाही ते विचारा. सोफ्याच्या गाद्या फाडते. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या, तोंडानं धापा. बादलीभर पाणी पिते आणि ते आमच्या बेडरूममध्ये परत करते. दोघांचं जेवण एकटी जेवते आणि तरी बरगड्या मोजून घ्या. सुंभ जवळ गेला की गुरगुरते. गेल्या मंगळवारी बाबांनी गळपट्ट्याला हात लावला आणि... ते तुम्हाला सांगितलंच त्यांनी.

सासरे : तरीही ती चावरी नाही. तेच लिहायचंय तुम्ही.

डॉक्टर : टाके पडलेला माणूस सांगतोय हे.

सासरे : टाके ज्याला पडले त्याचंच ऐकायला हवं. तिचं इतर कुणाशी वाकडं नाही, फक्त माझ्याशी आहे. पुरावा देतो. गेल्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस मुलीकडे होतो. त्या नऊ दिवसांत ही कशी होती, विचारा सूनबाईंना.

सून : शांत होती.

सासरे : नीट सांग. एरवी पाल्हाळ लावतेस.

सून : पहिले दोन-तीन दिवस तशीच होती. मग शांत झाली. गादीवर पडून राहायची, सुंभच्या पाठीला पाठ लावून.

सासरे : मी घरी आलो आणि आठवड्यात पुन्हा तेच सुरू. तेव्हा पत्रात एवढंच लिहा, की कुत्रीला एका विशिष्ट म्हाताऱ्याचा त्रास होतो. म्हातारा हलवला की प्रश्न मिटतो. कुत्री हलवायची गरज नाही.

सून : बाबांनी बॅग भरून ठेवलीय, डॉक्टर. आमच्या वन्संकडे जाणार आहेत राहायला. कायमचे.

डॉक्टर : त्यांना माहीत आहे का हे?

सासरे : मुलगी आहे माझी. आनंदच होईल तिला.

सून : दोन खोल्या, चार माणसं आणि ट्रम्पेट शिकणारा एक मुलगा. आनंदाला जागा कुठेय तिथे? शिवाय लोक म्हणणार, सुनेनं सासऱ्याला घराबाहेर काढलं आणि कुत्री ठेवली.

सासरे : म्हणू देत. खोटं थोडंच आहे?

डॉक्टर : काका, एका कुत्रीसाठी घर सोडणार तुम्ही?

सासरे : शर्यतीच्या पिंजऱ्यातून आली ना, तेव्हा हिला जिना म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. खाली उभी राहून थरथरायची. एकेक पाय एकेका पायरीवर ठेवून मी शिकवलं. काच कधी बघितलेली नव्हती, दारावर जाऊन आपटायची, म्हणून काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. आता दीड वर्षानं कळतंय की तिला नेमका मीच नकोय. वाईट वाटतं. पण या वयात पुन्हा पिंजऱ्यात तिनं का जावं? मी कुठेही झोपू शकतो.

डॉक्टर : धरा हिला जरा. छातीचे ठोके मोजते. आता बोलू नका. दोघंही... एकशे ऐंशी. हिला काही औषध चालू आहे?

सासरे : थायरॉइडची गोळी. सकाळी सातला एक, संध्याकाळी सातला एक. चौदा महिने झाले, एकही चुकलेली नाही. मी एकोणचाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो, डॉक्टर.

डॉक्टर : कुणी सुरू केली?

सासरे : तुमच्या आधीच्या डॉक्टरांनी. ते आता निवृत्त झाले. तशी मीच म्हणा ना. आली तेव्हा ही नुसती झोपून असायची. वाऱ्यासारखी पळणारी जात आणि दिवसाचे वीस तास झोपते? मी रक्त तपासून घेतलं. थायरॉइडच्या आकड्यापुढे खाली जाणारा बाण! डॉक्टर म्हणत होते, थोडं थांबून बघू. मी म्हटलं, बाण समोर दिसतोय आणि थांबायचं कशासाठी? पुढे आकडा मनासारखा वर येईना, म्हणून दोनदा डोस वाढवून घेतला.

डॉक्टर : तो रिपोर्ट आहे का?

सून : रिपोर्ट? फाइल आहे. विभागवार. प्रत्येक विभागाला वेगळ्या रंगाची चिठ्ठी.

डॉक्टर : हं... काका, या जातीत हा आकडा मुळातच खाली असतो. आयुष्यभर. हा बाण बाकीच्या कुत्र्यांच्या मापानं छापतात. आणि वीस तास झोपणं हा यांचा आजार नाही, धंदा आहे.

सासरे : म्हणजे?

डॉक्टर : म्हणजे बहुतेक हिला काही झालेलंच नव्हतं. धडधाकट कुत्रीला ही गोळी दिली, वर डोस वाढवला, की काय होतं? धाप, तहान, भूक, फेऱ्या, चिडचिड. आत्ता तुमच्या सूनबाईंनी वाचली ती सगळी यादी.

सासरे : छान. म्हणजे दोष गोळीचा. मग त्या नऊ दिवसांत गोळी चालूच होती की! सूनबाई देत होत्या. फ्रिजवर तक्ता लावलाय मी, त्यावर अठरा खुणा आहेत. गोळी तीच, डोस तोच आणि कुत्री शांत. नव्हतो तो फक्त मी. पडला तुमचा सिद्धान्त, डॉक्टर.

डॉक्टर : तुम्ही देत होतात गोळ्या?

सून : हो.

डॉक्टर : नऊही दिवस?

सून : तक्त्यावर खुणा आहेत ना.

डॉक्टर : मग एवढ्या डोसावर ही गादीवर पडून राहिली असेल, तर कारण दुसरंच काहीतरी. लिहून देते पत्र. काय लिहू? कुत्री हलवा की म्हातारा हलवा?

सासरे : म्हातारा. आणि जरा सुवाच्य लिहा. डॉक्टरांचं अक्षर घरात फक्त मला लागतं, आणि मी तर नसेन.

सून : थांबा.

सासरे : का? म्हाताऱ्याच्या जागी 'वयोवृद्ध' घालायचंय?

सून : मी गोळ्या दिल्या नव्हत्या.

सासरे : किती चुकल्या?

सून : सगळ्या. एकही दिली नाही.

सासरे : अठरा खुणा आहेत.

सून : तुम्ही यायच्या आदल्या दिवशी एका बैठकीत केल्या. दोन वेगवेगळ्या पेनांनी.

सासरे : पाकिटातल्या गोळ्या बरोबर होत्या. मी आल्या आल्या मोजल्या.

सून : मोजणार हे ठाऊक होतं म्हणून तर अठरा गोळ्या संडासात टाकल्या.

सासरे : वा! आणि आम्ही समजत होतो, सूनबाईंना व्यवस्थितपणाचं अंग नाही.

डॉक्टर : पण का नाही दिल्यात?

सून : पहिल्या दिवशी विसरले हो, सरळ विसरले. दुसऱ्या दिवशी आठवलं, पण आता एक द्यायची की राहिलेल्या धरून द्यायच्या, कळेना. त्यासाठी बाबांना फोन करावा लागला असता.

सासरे : मग करायचा.

सून : तुम्हाला? डोळ्यावर पट्टी बांधलेली असताना तुम्ही मला अर्धा तास ऐकवलं असतं आणि मग टॅक्सी करून घरी आला असता. म्हटलं, उद्यापासून देऊ. मग उद्याच्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी ती इतकी छान झोपली होती, की उठवावंसं वाटेना. मलाही वाटलं, बाबा घरात नाहीत म्हणूनच शांत आहे ही. अगदी खरं वाटलं मला. आणि... बरं वाटलं.

सासरे : काय बरं वाटलं?

सून : की घरात तुमचा धाक वाटणारी मी एकटीच नाही.

सासरे : आणि मी बॅग भरत होतो, तेव्हा? तेव्हाही बरंच वाटत होतं?

सून : नाही. तेव्हापासून रोज सांगायचं ठरवतेय. रोज तुमचं तोंड बघते आणि राहून जातं.

डॉक्टर : काका, हे बघा...

सासरे : एक मिनिट, डॉक्टर. मला नीट समजून घेऊ द्या. ज्यानं एकही गोळी चुकवली नाही, त्यानं कुत्रीला चौदा महिने आजारी ठेवलं. आणि जिनं एकही दिली नाही, तिच्या हातून नऊ दिवसांत बरी झाली.

सून : बाबा, मी काही मुद्दाम...

सासरे : श्रेय नाकारू नकोस. निष्काळजीपणाचा एवढा गुण आलेला मी एकोणचाळीस वर्षांत पाहिला नाही.

सून : लग्नानंतरची पहिली शाबासकी. तीही ही.

डॉक्टर : गोळी आजपासून बंद. कायमचं काही बिघडलेलं वाटत नाही मला. तीन आठवड्यांनी रक्त तपासून, रिपोर्ट घेऊन या. संस्थेला फोन मी करते, रविवारची गाडी येणार नाही. पत्राचं नंतर बघू.

सासरे : ती धापा टाकायची. मी म्हणायचो, बाळा, गोळीची वेळ झाली, आता बरं वाटेल. रोज म्हणायचो. जबडा उघडून घशात सरकवायचो. ती काय करणार? चावली ते बरोबरच केलं. आधीच चावायला हवं होतं.

डॉक्टर : काका, बसा खाली.

सासरे : उभाच बराय मी.

सून : बाबा, बसा ना.

सासरे : तू काही बोलू नकोस... पाणी दे जरा.

(तीन आठवड्यांनंतर. तीच खोली.)

डॉक्टर : ठोके शंभराच्या आत. वजन दीड किलोनं वर. आणि रिपोर्टमधला तो बाण?

सासरे : खालीच आहे. बघितला, आणि घडी घालून ठेवून दिला.

डॉक्टर : जमलं तुम्हाला?

सून : दोनदा उघडून पुन्हा बघितला. पण ठेवला.

डॉक्टर : घरी कसं काय आता?

सून : सोफा शिल्लक आहे. बेडरूम कोरडी आहे. सुंभनं तिची गादी बळकावली, तरी ती गुरगुरत नाही, त्याच्या अंगावर जाऊन पडते. बॅग चार दिवस दारात तशीच होती. मग बाबांना चष्म्याचं घर हवं होतं म्हणून उघडली. मग स्वेटर. मग दाढीचं सामान. एकेक करत रिकामी झाली. कुणी काही बोललं नाही.

सासरे : बोलणार कोण? पहिले आठ दिवस मी हिच्याशी सुंभमार्फत बोलत होतो. सुंभ, त्यांना म्हणावं, दाराची किल्ली कुठेय?

सून : तो निरोप पोचवायचा नाही.

सासरे : नाव सार्थ केलं त्यानं.

डॉक्टर : म्हणजे एकमेकांची माफी वगैरे काही नाही?

सून : छे हो. आमच्याकडे तसली पद्धत नाही. मी एवढंच म्हटलं, यापुढे काही विसरले तर लगेच फोन करीन.

सासरे : आणि मी म्हटलं, मी ओरडणार नाही. दोन्ही खोटं आहे, हे दोघांनाही माहीत आहे. पण म्हणायला हरकत नाही.

डॉक्टर : हे घ्या पत्र. 'स्वभाव शांत. घर बदलण्याची गरज नाही.'

सासरे : कुणी बदलण्याची, तेही लिहा.

डॉक्टर : कुणीच. लिहू?

सून : राहू द्या, त्यांना कळलंय. चला बाबा, बाहेर तीन मांजरं आणि एक बोकड खोळंबलेत. उठा.

सासरे : थांब जरा.

सून : का? बरं वाटत नाहीये का?

सासरे : पायाला मुंग्या आल्यात. हिनं डोकं ठेवलंय पायावर. झोपलीय.

सून : झोपलीय कुठली? डोळे टक्क उघडे आहेत तिचे.

सासरे : या जातीची कुत्री कधी कधी उघड्या डोळ्यांनीही झोपतात. परवा वाचलं मी. बस तिकडे, आणि हळू बोल.