मोठेबाबा, मुगवड्या आणि कार्बन कर

आमच्या मोठेबाबांचं ऐका. शाळेत मला ‘कार्बन कर हवा’ या बाजूने बोलायचं होतं. वर्गात माझा आवाज फुटत नाही, म्हणून आधी घरात एकाला तरी पटवून बघावं, असं ठरवलं. मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, अंगणात चहा पीत होते.

“जो धूर करेल त्याने कर भरायचा,” मी म्हणाले. “धुरानेच हवामान बदलतंय.”

“ऊन पहिलेही तापेच,” ते म्हणाले. “अन् धुरावर कायचा टॅक्स? धूर आभाळात जिरते. हवा काय कोणाच्या सातबाऱ्यावर हाय?”

मी वहीत पुढचा मुद्दा शोधू लागले.

तेवढ्यात शेजारच्या गजूकाकांनी त्यांच्या वावरात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला. वारा आमच्या घराकडे होता. बाजेवर वाळत घातलेल्या मुगवड्यांवर काजळी उतरली. मोठेबाबा कप ठेवून कुंपणाशी गेले.

“गजू, धूर तुहा अन् वड्या आमच्या खराब?”

“मी काय धुराले तिकडं जा म्हटलं, दादा?”

“पेटवलं तर तूच ना. आता तुह्या घरून नव्या वड्या आल्या पाहिजेत.”

गजूकाका मुकाट्याने हो म्हणाले. मी हळूच म्हटलं, “मोठेबाबा, कार्बन कर म्हणजे हेच.”

त्यांनी परत येऊन कप उचलला.

“मंग त्याले टॅक्स कायले म्हणतं, पोरी? भरपाई म्हण. सारं गाव तुह्या बाजूनं होईन.”