थांबाभाऊंचा फोटो

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि या मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले आचारीबुवा आणि बँडमास्तर, आजचे सत्कारमूर्ती फोटोग्राफर, त्यांच्या सौभाग्यवती म्हणजे आम्हा सर्वांच्या वहिनी, आणि एरवी लग्नात एकमेकांवर खेकसणारे, पण आज इस्त्रीचे कपडे घालून शहाण्यासारखे बसलेले माझे सर्व व्यवसायबंधू आणि भगिनींनो,

भटजीच्या हातात माईक देणं हे धाडसाचं काम आहे. माझी भाषणं सहसा संस्कृतात होतात आणि कोणाला कळत नसल्यामुळे उत्तमच होतात. आज मराठीत बोलायचंय, म्हणजे पंचाईत.

या गृहस्थांचं खरं नाव इथल्या निम्म्या लोकांना माहीत नसेल. आपण सगळे त्यांना थांबाभाऊ म्हणतो. का म्हणतो? नवरीनं हार घालायला हात उचलला, की हे ओरडणार, "थांबा!" नवरदेवानं दारात पाय टाकला, "थांबा!" एकदा होमातल्या अग्नीलासुद्धा म्हणाले, "थांबा." आता मला सांगा, अग्नीनं काय करावं?

आमचं भांडण जुनं आहे. माझ्या मते लग्न म्हणजे मुहूर्त, त्यांच्या मते लग्न म्हणजे उजेड. हार घालून झाले, की कानाशी येऊन म्हणणार, "गुरुजी, परत घालायला सांगा, फुलं नीट आली नाहीत." मी म्हणायचो, "अहो, लग्न लागलं! आता परत कसं लावू?" तर म्हणे, "लग्न राहू द्या, हार तेवढे परत घाला." आणि माझे फोटो? माझ्या आवाजाची तारीफ लोक करतात, मी स्वतःच्या तोंडानं करणार नाही. पण गावातल्या कुठल्याही अल्बममध्ये बघा, मी आ वासून बसलेला. बघणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याची दाढ दुखतेय. तक्रार केली, तर हे महाशय म्हणतात, "तोंड मिटून मंत्र म्हणा, मग बघतो."

हसताहेत बघा. म्हणजे खरं आहे.

असो. आज सत्काराच्या निमित्तानं त्यांच्या लग्नांबद्दल सगळे बोलले. म्हणजे त्यांनी काढलेल्या लग्नांबद्दल. गैरसमज नको, वहिनी इथेच बसल्या आहेत. मला मात्र अशा एका लग्नाबद्दल बोलायचंय, ज्यात त्यांनी एकही फोटो काढला नाही. ते त्यांच्या लेकीचं लग्न.

लग्न ठरलं तेव्हा लेकीनं बापाकडे एकच मागणं मागितलं. ना दागिना, ना शालू. म्हणाली, "बाबा, तुम्ही फोटो काढायचे नाहीत. तुम्ही फोटोत यायचं." कारण असं, की घरात कपाटभर अल्बम. पोरगी रांगतेय, पडतेय, बक्षीस घेतेय, रुसून बसलीय. सगळीकडे ती आहे, आई आहे. बाप कुठेच नाही. असणार कसा? तो कॅमेऱ्यामागे उभा. आणि लग्नानंतर पोरगी जाणार होती लांब, विमानानं जावं लागतं इतकी. ती म्हणाली, "तिकडे भिंतीवर लावायला माझ्याकडे आई आहे, बाबा नाहीत."

झालं! वहिनींनी कॅमेरा कपाटात ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. फोटो काढायला बोलावलं पलीकडच्या चौकातल्या फोटोग्राफरला. ते आणि थांबाभाऊ, दोघांमधून विस्तव जात नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तेही आज आलेत. मान खाली घालू नका हो साहेब, तुमची काहीच चूक नव्हती.

सकाळी नवरीच्या खोलीत तयारी चाललेली. कोणी वेणी घालतंय, कोणी पिना दातात धरून बोलतंय, मावशी स्वतःचीच चप्पल शोधतेय. चौकातले साहेब म्हणाले, "वडील मुलीजवळ या." वडील गेले ते थेट खिडकीकडे. "मागून ऊन येतंय, चेहरा काळा पडेल," म्हणत पडदा ओढला. फोटोत काय आलं? नवरी, आई, पडदा आणि एक कोपर.

नवरदेव दारात आला. सासऱ्यानं पुढे होऊन स्वागत करायचं, तर हे वाकून जावयाची कॉलर सरळ करायला लागले. फोटोत टक्कल. अंतरपाट धरला, मी मंगलाष्टकं सुरू केली, सहज नजर टाकली तर वधूपिता दिसेना. म्हटलं, गेले कुठे? कोपऱ्यात प्रतिस्पर्ध्याचा दिवा डोक्यावर धरून उभे! 

मग आलं कन्यादान. इथे मात्र सुटका नाही, माझ्यासमोर पाटावर बसावंच लागतं. वहिनी हातावर पाणी घालताहेत, लेकीचा हात यांच्या हातात, लोकांचे डोळे भरलेले. मी मनात म्हटलं, हा फोटो तरी येणार. आणि नेमक्या क्षणाला हे मान वळवून गरजले, "अरे, खाली बस! खालून घे!" त्या फोटोत सगळे सुंदर दिसतात आणि थांबाभाऊ आ वासून बसलेत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी स्वागत समारंभ झाला, पंगती उठल्या, दारात गाडी फुलं लावून उभी. लेकीनं सकाळपासूनचे फोटो कॅमेऱ्यातच बघायला घेतले. "हे बाबांचं कोपर. ही बाबांची पाठ. हे बाबांचं टक्कल." आधी हसत होती, मग हसू थांबलं. स्टेजवरच्या त्या मोठ्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "फोटो निघाल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

व्याही घड्याळ बघताहेत. विहीणबाई म्हणताहेत, "अगंबाई, पुढच्या वेळी येशील तेव्हा काढू." जावईबापू शहाणे, ते तिच्याशेजारी मुकाट्यानं बसून राहिले. संसार चांगला होणार, हे मी तिथेच ओळखलं.

थांबाभाऊ उभे राहिले, पण कसे? इंजेक्शन घ्यायला उभं केल्यासारखे. कॅमेरा वर झाला, की डोळे मिटायचे. उघडले, की सूचना. "हात हलतोय तुझा." चौकातले साहेब शेवटी कॅमेरा माझ्याशेजारी ठेवून म्हणाले, "मला नाही जमायचं. यांच्यासमोर खरंच हात हलतो."

मी वैतागून थांबाभाऊंना बाजूला घेतलं. म्हटलं, "अहो, पोरीचा एवढा हट्ट पुरवता येत नाही?" तर खाली बघत म्हणाले, "गुरुजी, हातात कॅमेरा असला, की मी रडत नाही. रिकाम्या हातानं तिच्याकडे बघू कसा?"

मी तसाच वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

उत्तर वहिनींकडे होतं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही काढा. ज्याला थोडं येतं त्याला हे शिकवतात. तुम्हाला तर काहीच येत नाही." काय हा सन्मान! मी कॅमेरा उचलला. डोळ्याला लावला, तर सगळा अंधार. कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, उलटा धरलाय." सुलटा केला आणि कळ दाबली गेली, ती माझ्या धोतरावर. पुन्हा धरला. आता सगळे म्हणतात तसं "हसा" म्हणावं ना? पण तोंडाला वळण पडलेलं. मी खड्या आवाजात म्हणालो, "सावधान!"

थांबाभाऊ हसले. गडगडून, पोट धरून. लेक त्यांच्या दंडाला लटकून हसायला लागली, आणि हसता हसता दोघंही कधी रडायला लागले ते त्यांनाही कळलं नाही. मी भीतीनं कळ दाबतच सुटलो.

त्यातला एकच फोटो आला. तोही वाकडा. जावईबापूंचं डोकं कापलं गेलंय, एका कोपऱ्यात माझा अंगठा पसरलाय. चौकातले साहेब म्हणाले, "अंगठा काढून टाकतो, सरळही करून देतो." थांबाभाऊंनी कॅमेरा हातात घेतला. मी मान खाली घालून बसलो. म्हटलं, आता माझी धडगत नाही. फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "याला हात लावायचा नाही."

आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून ते स्टुडिओ बंद करून लेकीकडे राहायला निघालेत. परवा मी मदतीला गेलो होतो. त्यांनी आयुष्यभर काढलेल्या प्रत्येक फोटोमागे त्यांच्या स्टुडिओचा शिक्का असतो, आपल्या सगळ्यांच्या घरी आहेत, बघा. भिंतीवरून तो वाकडा फोटो उतरवताना मी सहज मागे पाहिलं. शिक्का नव्हता. त्यांनी पेनानं लिहिलंय, "छायाचित्रकार : आमचे गुरुजी."

मित्रहो, मला फार वाईट वाटतंय. हे सांगायला मला संस्कृत लागत नाही.

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं टक्कल, कोणाचं कोपर निघालं असेल, तर घरचा माणूस समजून पोटात घाला. वहिनी, यांना सांभाळा. थांबाभाऊ, सुखानं जा, आणि तिकडे रिकाम्या हातानं लेकीकडे बघा. पोटभर बघा.