नवशिक्यांच्या गटातली मी

...आणि वर सगळे मलाच लबाड म्हणतात! अहो, तुम्हाला सांगते, मी मुद्दाम नाही केलं हो! खेळ म्हणजे काय, गोल्फच, फक्त चेंडूच्या जागी तबकडी आणि भोकाच्या जागी खांबावर साखळ्यांची टोपली. तबकडी साखळ्यांवर आदळून टोपलीत पडली की छन्न! कमीत कमी फेकींत सगळ्या टोपल्या गाठेल तो जिंकला. गट तीन, नवशिके, मधले आणि पट्टीचे. दादाबरोबर कॉलेजमागच्या मैदानात मी कितीतरी वर्षं खेळतेय, म्हणजे माझी जागा मधल्यांत, कबूल! पण स्पर्धेच्या नावनोंदणीच्या टेबलाशी ते मिशीवाले आयोजक एकदम खेकसले, "हं, गट?" ...आणि मी दचकले. दचकले की माझ्या तोंडातून काय निघेल त्याचा नेम नसतो. निघालं, "नवशिके." आणि त्यांनी लिहूनसुद्धा घेतलं! आता पुन्हा त्या मिशीला हाक कोण मारणार? तुम्ही मारली असती? मी मुद्दाम नाही केलं हो!

बरं, नवशिक्यांत समोर कोण? आमच्या गल्लीतल्या शिवणवाल्या काकू! माझा प्रत्येक ड्रेस शिवणाऱ्या! आत्ता आत्ता तबकडी हातात धरलेली, त्यात घरी काका येता-जाता ऐकवतात, "या वयात थाळ्या कसल्या भिरकावतेस?" म्हणून बाईंना एकदा, फक्त एकदा, चषक घरी न्यायचाय. मशीनवरची फळी पुसून रिकामी ठेवलीय, सांगत होत्या. कुणाला? मला! आणि मी पुढे. माझं छन्न झालं की काकू म्हणणार, "वा गं पोरी, तू तर जन्मजातच!" जन्मजात! कुठे तोंड लपवू असं झालं. मागून कुणीतरी पुटपुटलं, "असल्या घुसखोरांमुळेच नवी माणसं परत येत नाहीत." मी मुद्दाम... पण खरंच होतं ना ते!

काकू मात्र चिवट. शेवटच्या टोपलीला माझ्यामागे एकच फेक. मी ठरवलं, हरायचं. हे मात्र मुद्दाम, हं! डोळे मिटले आणि तबकडी सरळ झाडीत भिरकावली. ती बुंध्यावर आपटली, वळली आणि... छन्न! टाळ्या! अहो, टाळ्या! मिशी गरजली, "झाडावर आपटून आत! आणि ही म्हणे नवशिकी! पुढच्या वेळी थेट पट्टीच्यांत!"

काकूंना खरं सांगणार होते, देवाशपथ. पण सांगू काय? तुमची दया आली म्हणून हरत होते? त्यापेक्षा लबाड परवडली! तेवढ्यात त्याच आल्या, माझा हात घट्ट धरला आणि म्हणतात कशा, "रागावले नाहीये गं मी. पण तो झाडाचा फटका मला शिकवायचा हं! पुढच्या वेळी बघते घरात कोण हसतंय ते."

रविवारपासून शिकवणी. शिकवू काय, कपाळ? तो फटका नव्हताच हो, चूक होती... आणि मला तर साधं धड चुकताही आलं नाही!